पेपर सुटल्यावरचं आईस्क्रीम

होळी होऊन चार दिवस झाले की वाशीमच्या उन्हाला धार येते. सकाळी नऊपर्यंत ते समोरच्या पत्र्यावर नुसतं बसून असतं. दहा वाजले की उठतं, आणि मग दिवस मावळेपर्यंत कुणाला बसू देत नाही. रस्त्याकडेच्या कडुलिंबाला मोहोर आलेला असतो. त्याच्या कडवट-गोड वासातून मुलं चाललेली असतात, पॅड छातीशी धरून, ओठ हलवत, एकमेकांकडे न बघता. परीक्षेला जाणारं मूल मला मागूनही ओळखता येतं. बत्तीस वर्षं शाळेत काढली. त्यातले किती मार्च मी वर्गात फेऱ्या मारत, पुरवण्या वाटत, दोरे देत घालवले त्याचा हिशोब नाही. निवृत्त होऊनही आता पुष्कळ दिवस झाले. तरी परीक्षा सुरू झाल्या की दहाच्या सुमाराला मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते. कुणी विचारलं तर सांगते, पेपर वाचून राहिले.

मुलं जाताना बघायला मला आवडतं. सुटतानाची वेळ मात्र सोसत नाही. दीड-दोन वाजता फाटकाबाहेर आया उभ्या असतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या डोक्यावर ओढलेला पदर, डोळ्यांवर आडवा धरलेला हात. पर्यवेक्षक होते तेव्हा गठ्ठे बांधता बांधता खिडकीतून मला त्या दिसायच्या आणि माझी गाठ सुटायची. सोबतचे सर म्हणायचे, "बाई, तुमचं लक्ष कुठंय?" माझं लक्ष बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी असायचं.

तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी. मी मालेगावच्या शाळेतून बसले होते आणि केंद्र वाशीमला आलं होतं. आमचं गाव वाशीम-मालेगाव रस्त्याला लागून. बाबा त्याच रस्त्यावर मैलकुली होते. ठरावीक मैलांचा रस्ता त्यांच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मैलाच्या दगडांवरचे आकडे ते हातानं रंगवत. माय रोजानं शेतात जायची. छप्पन साली ती दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली तेव्हा मी मायच्या पोटात होते. ती मला म्हणायची, "तू तं पोटातूनच दीक्षा घेऊन आली, तुले शिकाच लागते." हे ती इतक्या वेळा म्हणायची की मी कंटाळायचे.

आमच्या बौद्धपुऱ्यातून मॅट्रिकला बसणारी मी पहिलीच मुलगी. परीक्षेपुरतं वाशीमला एका दूरच्या मावशीकडे राहायचं ठरलं, आणि माय म्हणाली, मीही येते. मला नवल वाटलं. हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस, कामाची धांदल. आणि कधी एक दिवस घरी न बसणारी बाई माझ्या परीक्षेसाठी पंधरा दिवस वाशीमला येऊन राहणार? मी पुऱ्यातल्या मैत्रिणींना सांगत सुटले, माझी माय फक्त माझ्यासाठी येऊन राहिली. मावशीच्या घरी एकच खोली होती. मी कंदिलापाशी वाचत बसायचे, माय भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहायची. भाकरीचं विचारलं तर मला म्हणायची, मावशीसंगं खाल्ली. मावशीला माझं नाव सांगायची, रत्नीसंगं खाल्ली. ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिली नाहीत. माझ्या डोक्यात तेव्हा व्याकरण होतं, भूमिती होती.

पहिला पेपर मराठीचा. सुटून बाहेर आले तर फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली माय उभी. हिरवं नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, तोंडावर पदर.

"कसा गेला?"

"चांगला गेला."

"मंग चाल."

"कोठी?"

"चाल तं."

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा एक कोल्ड्रिंकचं दुकान होतं. हिरव्या रंगाची फळ्याफळ्यांची दारं, वर पत्र्याची पाटी, तिच्यावर लाल अक्षरांत आईस्क्रीम, लस्सी, फालुदा, आणि खाली बारीक अक्षरांत 'फॅमिली रूमची सोय आहे'. गावातली माणसं त्याला भाभीचं दुकान म्हणत. फाळणीत सिंधमधून आलेल्या एका माणसानं ते काढलं होतं. तो वारल्यावर त्याची बायको गल्ल्यावर बसू लागली. पन्नाशीची, पांढऱ्या सलवार-कमीजमधली, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर ओढणी. बाईमाणूस गल्ल्यावर म्हणून बायका तिथं बिनघोर यायच्या.

दुकान आतून थंड नव्हतं, पण थंड असल्यासारखं वाटायचं. संगमरवरी फरशीची चार टेबलं, त्यातल्या एकाला मधोमध चीर गेलेली. भिंतीवर मोठा आरसा, त्याच्या कडांचा पारा उडालेला. छतावरचा पंखा फिरताना दर फेरीला एकदा अडखळायचा. एका बाजूला लाकडी पडदीनं वेगळी केलेली फॅमिली रूम, तिला फुलाफुलांचा पडदा. आणि मागच्या दारापलीकडे अंगण. सगळी गंमत त्या अंगणात होती. लाकडी बादलीत जस्ताचा उभा डबा, डब्यात आटवलेलं दूध, डब्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ. आणि एक म्हातारा गडी वरचा दांडा गरागरा फिरवत बसलेला. बर्फाच्या लाद्या अकोल्याहून रेल्वेनं यायच्या, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. गाडीला उशीर झाला की आईस्क्रीमलाही उशीर. दांडा सुरुवातीला हलका फिरायचा, खळखळ वाजायचा. दूध घट्ट होत गेलं की आवाज जड व्हायचा, अडायचा, आणि मग एकदम थांबायचा. तो थांबला की आतल्या लोकांना कळायचं, झालं.

पण हे मी नंतर पाहिलं. त्या पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशीच थबकले. मालेगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या बाहेर कोनाड्यात पालथ्या घातलेल्या असायच्या. आपण घ्यायची, चहा वरून ओतला जायचा, पिऊन आपणच विसळून परत ठेवायची. बाबा तिथं चहा पीत नसत. मी तर अशा दुकानात कधी शिरलेच नव्हते. माय मात्र आत गेली, गल्ल्यापाशी उभी राहिली आणि पिशवीतून तिनं आमचे घरचे दोन स्टीलचे पेले काढले.

"आमी याच्यात घेतो, बाई," ती म्हणाली.

भाभीनं चष्म्यावरून पेल्यांकडे पाहिलं, मग मायकडे. "काहे को?"

मायनं पेले तसेच पुढं धरून ठेवले. त्यावरूनच भाभीला कळलं असावं. "वो अंदर रखो," ती म्हणाली. "मैं अपना घर छोड के आयी, बाई. मेरे यहाँ सबका एकच कप है. बैठो."

आम्ही पडद्याआड बसलो. उंच पायाच्या काचेच्या कपांत पांढरंशुभ्र आईस्क्रीम आलं, वर गुलाबी सरबताचा एक ठिपका. चमचा चपटा, लाकडाचा. पहिला घास जिभेवर ठेवला आणि मला हसूच आलं. दातांत कळ गेली, कानामागं गारवा चढला, आणि वेलचीचा वास नाकात येईपर्यंत तोंडात काहीच उरलं नाही. गोड पदार्थ मी खाल्ले होते, गार पाणीही प्याले होते. पण गोड गारवा असा दाताखाली येतो हे मला ठाऊक नव्हतं.

"माय, हे रोज?"

"पेपर चांगला गेला का आईस्क्रीम. पेपर लेह्य तू, खाय तू."

मी तसंच समजले. ते माझं बक्षीस होतं.

एक दिवसाआड पेपर, एक दिवसाआड आईस्क्रीम. इंग्रजीचा झाला, इतिहासाचा झाला, बीजगणिताचा झाला. आजही डोळे मिटले की मला उत्तरपत्रिका दिसत नाहीत; पडद्यावरची मळकी फुलं दिसतात आणि त्यांच्यामागून येणारी पिवळट तिरीप, जिच्यात मायचा चेहरा खूप जवळ आणि खूप मोकळा असायचा. घरी ती सतत काहीतरी करत असायची. मी तिला नुसतं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. इथं आम्ही दोघी एका टेबलाशी समोरासमोर, बाहेर भाजणारं ऊन, आणि ती मला तिच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायची. नदीच्या डोहात ती मुलांपेक्षा जास्त वेळ बुडी मारून राहायची. लग्नात बाबा इतके लाजले होते की त्यांनी तिचं तोंड तिसऱ्या दिवशी पाहिलं. मी विचारायचे, "आणि तू?" ती म्हणायची, "म्या तं पहिल्याच दिवशी पाह्यलं, पदराच्या फटीतून."

ती फार हळू खायची. चमच्याच्या टोकावर शेंगदाण्याएवढं घ्यायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची. पूर्ण विरघळेपर्यंत तशीच थांबायची. मग गळा हलायचा, हात छातीवर जायचा, आणि ती डोळे उघडायची. मला वाटायचं, चव घेते. माझा कप केव्हाच संपलेला असायचा. मी तिच्या कपाकडे बघायचे. मग ती तो माझ्याकडे सरकवायची. "घे, मले पुरे झालं." आणि मी घ्यायचे. कपाच्या तळाशी दूध झालेलं आईस्क्रीम मी चमच्यानं खरवडून खायचे. एकदा भाभी पडदा सारून आत आली होती, तिनं ते पाहिलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चमचा खाली ठेवला. मला ती बाई खाष्ट वाटली.

मायच्या हातातल्या बांगड्या तेव्हा कोपरापर्यंत वर सरकायच्या. चोळी खांद्यावरून उतरायची, तिनं तिला पिन लावली होती. बोलता बोलता ती पदराच्या आड तोंड न्यायची आणि थुंकायची. पदराचा एक कोपरा कायम ओला असायचा. हे सगळं मी बघत होते. बघूनही मला काही दिसत नव्हतं, असं कसं झालं असेल? पुढं आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, निरीक्षण करा, निरीक्षणावरून अनुमान काढा. सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा खाली यायचा.

विज्ञानाच्या पेपरात पचनसंस्थेची आकृती आली होती. माझी आकृती चांगली यायची. मी पेन्सिलीला टोक करून करून ती काढली. तोंड, त्याखाली अन्ननलिका, जठर, यकृत, आतडी. बाण सरळ, नावं सुवाच्य. भाभीच्या दुकानात बसल्याबरोबर मी मायला तेच सांगत सुटले.

"आपुन खातो ना, थे एका नळीतून खाली जाते. तिले अन्ननलिका म्हणतात."

"कोठी असते थे?"

मी टेबलावरून वाकले आणि तिच्या गळ्यावर बोट ठेवलं. हनुवटीखालून सुरू केलं, दोन हाडांमधल्या खळगीतून खाली छातीच्या मधोमध आणलं. "इथून असं. सरळ. आन् इथं पोटात उघडते."

माय हलली नाही. तिचा गळा माझ्या बोटाखाली एकदा वर-खाली झाला.

"एवढी सरळ असते?" तिनं विचारलं.

"हाओ. सरळच असते."

"आन् थे बंद झाली तं?"

मी हसले. म्हटलं, "बंद कायले होईन? तसं पुस्तकात नाई." तीही हसली. म्हणाली, "नाई तं नाई. खाय."

पुढं मी विज्ञानाचीच शिक्षिका झाले. दरवर्षी फळ्यावर मला ती आकृती काढावी लागायची. अन्ननलिकेपाशी आले की खडू मोडायचा. मुलांना वाटायचं, बाई फार दाबून लिहितात.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. आतापर्यंत माझ्या बाकामागच्या शोभाशी आणि कुंदाशी चांगली ओळख झाली होती. दोघी वाशीमच्याच, बऱ्या घरच्या. शोभाच्या हातात घड्याळ होतं. त्यांनी मला विचारलं, "पेपर सुटल्यावर आपण तिघी आईस्क्रीम खायला जायचं का?" मला त्यांनी आपल्यात घेतलं होतं. मला आकाश ठेंगणं झालं.

त्या दिवशी सकाळी वेणी घालून देताना मी मायला म्हटलं, "आज तू नोको येऊ. आमी पोरी पोरी जाऊन राह्यलो."

तिचे हात थांबले. "भाभीच्या इथं?"

"हाओ."

"मंग मी नुसती गेटपाशी उभी राहीन. पेपर कसा गेला थे इचारीन आन् मागं येईन."

"गेटपाशीबी नोको."

"काहून वं?"

तेव्हा मी ते बोलले. मी सतरा वर्षांची होते, लहान नव्हते. मी म्हटलं, "तू सारखी पदरात थुंकते. पोरी पाह्यतात. मले लाज वाटते."

माझी पाठ तिच्याकडे होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. तिनं वेणी पुरी केली, रिबिनीचं फूल बांधलं, नेहमीपेक्षा जरा घट्टच. मग म्हणाली, "बरं. नाई येत."

पेपर सुटला तेव्हा कडुलिंबाखाली दुसऱ्या कुणाच्या तरी आया उभ्या होत्या. मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही तिघी पळतच दुकानात गेलो. पडद्याआड बसलो नाही. आरशासमोरच्या टेबलाशी बसलो, म्हणजे आपण खाताना आपल्याला दिसतो. कुंदा आमच्या पर्यवेक्षकांची नक्कल करत होती. ते चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरले होते. आम्ही इतक्या हसलो की शोभाच्या नाकातून फालुदा आला, आणि त्यावर आणखी हसलो. मी जन्मात कधी अशी हसले नव्हते. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. भाभी गल्ल्यावरून दोनदा उठून मागं अंगणात जाऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मला आठवतं. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. आमच्या कल्ल्याचा तिला त्रास होत असेल असं मला वाटलं, आणि परीक्षा संपल्याच्या तोऱ्यात मी आणखी मोठ्यानं हसले.

मैत्रिणींना त्यांच्या गल्लीपर्यंत पोचवून घरी आले तर माय बाजेवर आडवी होती. उठून बसली.

"सुटली बाई तू," ती म्हणाली. "काय खाल्लं?"

"फालुदा."

"गोड होता?"

"हाओ."

"बरं झालं."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. आमचं सामान आवरायला आले असतील असं मला वाटलं. त्यांनी मला बाहेर बोलावलं, भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "तुह्या मायले नागपूरले न्या लागते."

"काहून?"

"गळ्यात गाठ हाये. अन्न जात नाई. आठ दिवसांपासून तं निरं आईस्क्रीमच जाते, तेबी अर्धं. इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईनंच सांगतलं होतं, थंड जाईन तेवढं द्या."

माझ्या हातातली पुस्तकं मी अजून धरलेली होती. ती का धरली होती कोण जाणे, परीक्षा तर संपली होती.

"कवापासून मालूम हाये?"

"संक्रांतीपासून."

"मंग मले काहून नाई सांगतलं? नागपूरले तवाच काहून नाई नेलं?"

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. रस्त्याच्या धुळीनं लाल झालेले त्यांचे डोळे. "तिनं माहा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला, पोरी. म्हणे, रत्नीचे पेपर होऊ द्या. तिले सांगतलं तं थे बसाची नाई."

नागपूरला आठवडाभर राहून ती दोघं परत आली. मोठ्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता घरीच ठेवा. आधी आणली असती तर काही झालं असतं का, हे बाबांनी त्यांना विचारलं नाही. किंवा विचारलं असेल आणि मला सांगितलं नाही. मी त्यांना ते कधीच विचारू शकले नाही. आमच्या घरात दोघांनी मिळून जपलेला तो एकच प्रश्न होता.

चैत्र-वैशाखाच्या त्या उन्हात बाबा रस्त्याचं काम आटोपून एस.टी.नं वाशीमला जायचे आणि भाभीकडून डब्यात आईस्क्रीम आणायचे. भाभी डब्याभोवती बर्फ आणि भुसा घालून ओलं गोणपाट गुंडाळून द्यायची. तरी घरी येईपर्यंत त्याचं दूध झालेलं असायचं, गोड आणि कोमट. बाबा डबा उघडून आत बघायचे आणि तसेच उभे राहायचे. माय म्हणायची, "आना इकडं. आईस्क्रीमच हाये." मी चमच्यानं थेंब थेंब तिच्या जिभेवर सोडायचे. ती डोळे मिटायची. आता मला ठाऊक होतं, ती चव घेत नाही, वाट बघते. तो थेंब खाली उतरतो की परत येतो, याची.

एका दुपारी तिनं विचारलं, "रिझल कवा हाये?"

"जूनमंदी."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग बोटं मिटली. "लय दूर हाये," म्हणाली.

त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. भूगोलाच्या पेपरच्या सकाळचं ते वाक्य माझ्या घशाशी येऊन बसलेलं होतं. रोज वाटायचं, आज सांगू. तिचे पाय चेपताना, तिला कूस बदलून देताना, तिचा ओला पदर धुवून वाळत घालताना. तो पदर मी दिवसातून चार वेळा धुवायचे. पण ती माझ्याकडे इतक्या निवांत नजरेनं बघायची की मला वाटायचं, ती विसरली असेल. आठवण कशाला करून द्या. खरं म्हणजे मला धीर नव्हता. वैशाख सरता सरता एका सकाळी, बाबा फावडं घेऊन रस्त्यावर गेलेले असताना, मी तिचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की ती आता नाही. मी फडकं बाजूला ठेवलं नाही. बाबांना बोलवायला गेलेला माणूस परत येईपर्यंत मी तिचे ओठ पुसतच होते.

मी पास झाले. दुसरा वर्ग. पुऱ्यातल्या बायकांनी मला ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता रडल्या.

कॉलेजच्या प्रवेशासाठी कागद लागत होते, म्हणून पावसाळ्यात बाबांबरोबर वाशीमला गेले. बाबा कचेरीत रांगेला उभे राहिले, आणि मी छत्री घेऊन चालत चालत भाभीच्या दुकानापाशी आले. यायचं ठरवलं नव्हतं. पायच तिकडे वळले.

बर्फाचे दिवस संपले होते. लाकडी बादल्या धुऊन अंगणात पालथ्या घातलेल्या, टेबलं रिकामी, कोपऱ्यात स्टोव्हवर चहा. भाभी गल्ल्यावर एकटी बसून तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं चष्मा सारखा केला.

"आ गयी तू? पास हो गयी?"

मी मान हलवली.

"और माँ?"

मी खाली बघत छत्रीची पट्टी गुंडाळू लागले. भाभीनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. ती गल्ल्यामागून बाहेर आली, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली. बाहेर पाऊस पडत होता. मायला जाऊन दोन महिने होत आले होते आणि या दोन महिन्यांत मी कुणाजवळही जे बोलले नव्हते ते त्या परक्या बाईजवळ माझ्या तोंडून बाहेर पडलं. "शेवटच्या दिवशी मी तिला येऊ दिलं नाही. मैत्रिणी होत्या. मी म्हटलं, मला लाज वाटते. त्या दिवशी ती उपाशी राहिली."

भाभी माझ्याकडे बघत राहिली. "कौन बोला उपाशी राहिली?" ती म्हणाली. "आयी थी वो."

"कोण?"

"तेरी माँ. तुम लोग आने के पहले आयी, पिछले दरवाजे से. मेरे को बोली, भाभी, माही पोट्टी मैत्रिणीसंगं येऊन राह्यली, मी आज इकडं मागंच बसते. उधर बैठी थी, बर्फ के बोरे पर." तिनं अंगणाकडे हात केला. "फिर तुम आये. तुम लोग हँस रहे थे ना? इतना हँस रहे थे. और वो बुड्ढा दांडा घुमा रहा था, खर्र खर्र, कुछ सुनाई नहीं देता था. तो तेरी माँ ने उसका हाथ पकड लिया. बोली, जरा थांबा ना भाऊ, माही पोट्टी हासून राह्यली. आयकू द्या."

स्टोव्हचा आवाज येत होता, पावसाचा येत होता.

"वो रुक गया," भाभी म्हणाली. "तुम लोग गये तब तक उसने दांडा नहीं घुमाया. गिऱ्हाईक चिल्लाया, मैंने कहा, रुको."

मी मागच्या दारातून अंगणातल्या पालथ्या बादल्यांकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, "तिनं खाल्लं?"

"खाया. दो कप खाया," भाभी म्हणाली.

दोन कप. अर्धा कप ज्या गळ्यातून उतरत नव्हता, त्यातून दोन कप. मी भाभीच्या तोंडाकडे पाहिलं. जाड भिंगांआडचे तिचे डोळे मला नीट दिसत नव्हते. तिनं उठून माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि ती परत तांदूळ निवडायला बसली. तिनं सांगितलेलं खरं होतं, की पावसातून आलेल्या एका मुलीसाठी तिनं तो दुसरा कप तेवढ्यापुरता भरला होता, ते मी तिला त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढं कधीच विचारलं नाही.